एपी इमेज कुठून घेणार? पाच ठिकाणांच्या वायरलेस कंट्रोलर अपग्रेडचे प्रकरण

पाच ठिकाणी पसरलेल्या एका उत्पादक संस्थेचे हे प्रकरण आहे. संस्थेचे नाव देत नाही आणि आकडे हिशेबाला सोपे पडावेत म्हणून गोल केले आहेत. काम वरवर पाहता सरळ होते: जुने वायरलेस कंट्रोलर (वायफायची उपकरणे एका जागेवरून चालवणाऱ्या पेट्या) काढायचे आणि नवे बसवायचे. आखणीचा पहिला मसुदा हातात आला तेव्हा त्यात जवळजवळ सगळा मजकूर कंट्रोलरबद्दल होता. मॉडेल कोणते, क्षमता किती, कोणत्या रात्री कोणती केबल काढायची, असा. छताला टांगलेल्या, वायफाय प्रत्यक्ष पसरवणाऱ्या ॲक्सेस पॉइंटांच्या, म्हणजे एपींच्या वाट्याला त्यात एकच ओळ आली होती: ‘सर्व एपी नव्या कंट्रोलरवर हलवणे’. पुढचे बहुतेक सगळे काम त्या ओळीतून निघाले.

हाताशी काय होते

मुख्यालयात तीन इमारती आणि १६० एपी. तिथल्याच डेटा सेंटरमध्ये सिस्कोचा ५५०८ कंट्रोलर. कारखान्यात ११० एपी आणि स्वतःचा वेगळा ५५०८. कोठारात ४० एपी आणि परदेशातल्या डिझाइन कार्यालयात १८ एपी. या दोन्ही ठिकाणी कंट्रोलर नाही, एपी फ्लेक्सकनेक्ट पद्धतीने (कंट्रोलर दूर, डेटा जागीच वळतो) मुख्यालयाच्या कंट्रोलरवर टांगलेले. प्रशिक्षण केंद्रात २२ एपी आणि छोटा २५०४ कंट्रोलर. शिवाय पाहुण्यांच्या वायफायसाठी डीएमझेडमध्ये, म्हणजे आतल्या जाळ्यापासून वेगळ्या ठेवलेल्या भागात, आणखी एक २५०४, अँकर म्हणून (पाहुण्यांचा डेटा शेवटी याच्याकडे पोचतो). एकूण ३५० एपी.

५५०८ आणि २५०४ या दोन्हींची वाट एअरओएस या कंट्रोलर-सॉफ्टवेअरच्या ८.५ आवृत्तीला संपते. त्यापुढची ८.१० ही एअरओएसची शेवटची मोठी आवृत्ती, पण ती या पेट्यांवर चढत नाही. त्यामुळे ‘अपग्रेड’ म्हटले तरी प्रत्यक्षात हे कॅटॅलिस्ट ९८०० कुळात, म्हणजे आयओएस-एक्सई या वेगळ्या सॉफ्टवेअरवर स्थलांतर होते. मुख्यालयासाठी ९८००-४० ची जोडी (क्षमता २००० एपी) आणि कारखान्यासाठी ९८००-एल ची जोडी (मूळ क्षमता २५० एपी) ठरली. कारखान्याची लेटन्सी (डेटाच्या जाण्यायेण्याचा उशीर) मुख्यालयापासून १२ मिलिसेकंद होती. लोकल मोडमधल्या (सगळा डेटा कंट्रोलरमार्फत नेणाऱ्या) एपीसाठी २० मिलिसेकंदांपर्यंत चालते, त्यामुळे कारखान्याचे एपीही मुख्यालयाच्या कंट्रोलरवर घेता आले असते. उत्पादन विभागाने ते साफ नाकारले: बाहेरची लिंक तुटली म्हणून आतले स्कॅनर बंद पडणार असतील तर आम्हाला तो प्रकार नको. त्यांचे म्हणणे रास्त होते, त्यामुळे यावर फार वेळ गेला नाही.

प्रशिक्षण केंद्राचा कंट्रोलर मात्र कायमचा जाणार होता. ते केंद्रही फ्लेक्सकनेक्टवर येणार.

मॉडेलांची यादी आणि एकतर्फी रस्ता

एपींची मॉडेलनिहाय मोजणी केली तेव्हा चित्र असे दिसले. मुख्यालयात ३७०० मालिकेचे ७०, २८०० मालिकेचे ६० आणि २६०० मालिकेचे ३०. कारखान्यात २७०० चे ८४ आणि २६०० चे २६. कोठार आणि परदेशी कार्यालय, दोन्हीकडे सगळे २८००. प्रशिक्षण केंद्रात सगळे २७००.

यातल्या २६०० ला ९८०० वर जागाच नाही. त्यांचाही शेवट ८.५ ला होतो. म्हणजे ५६ एपी नवे घ्यावे लागणार. २७०० आणि ३७०० यांची गोष्ट जरा वळणाची आहे. आयओएस-एक्सई १७.३ पर्यंत त्यांना आधार होता, १७.४ मध्ये तो काढला गेला आणि १७.९.३ पासून पुन्हा देण्यात आला. ज्याने फक्त ‘१७.६ चालते का’ एवढेच पाहिले असते त्याने निम्म्या एपींना भंगारात काढण्याचा प्रस्ताव केला असता. आम्ही १७.९ ची शाखा निवडली ती एवढ्या एकाच कारणासाठी.

नव्या खरेदीसाठी ९१२० मालिका ठरली आणि तिथे खरी अडचण समोर आली. ९१२० ला एअरओएस ८.५ वर आधार नाही. म्हणजे २६०० नव्या कंट्रोलरवर जाऊ शकत नाही आणि ९१२० जुन्यावर येऊ शकत नाही. ज्या मजल्यावर ही अदलाबदल होईल, त्या मजल्यापुरता परतीचा रस्ता म्हणजे शिडी लावून जुना एपी पुन्हा टांगणे. मुख्यालयात ३० पैकी सगळे २६०० एकाच इमारतीच्या दोन मजल्यांवर होते, त्यामुळे तिथे हे निभावण्यासारखे होते. कारखान्यात मात्र २६ एपी उत्पादनाच्या शेडमध्ये २७०० च्या अधेमधे विखुरलेले होते, काही तर क्रेनच्या वर. अदलाबदल टप्प्याटप्प्याने करावी तर शेजारशेजारचे एपी वेगवेगळ्या कंट्रोलरवर जातील, आणि हातातला स्कॅनर घेऊन फिरणारा माणूस दर वीस पावलांवर तुटेल. एका रात्रीत सगळे करावे तर २६ एपी उंचावरून उतरवणे, नवे चढवणे आणि ११० एपींचे स्थलांतर, हे सगळे एकाच बंद काळात. वर आणखी एक गाठ: ९१२० ला पूर्ण क्षमतेसाठी ८०२.३एटी (नेटवर्क केबलमधून वीज देण्याचे मानक) लागते, पोर्टमागे ३० वॉट. कारखान्यातले स्विच ८०२.३एएफ चे, १५.४ वॉटवाले. म्हणजे स्विचही बदला.

तोडगा अगदी साधा निघाला आणि तो सुचवला साठ्याची यादी ठेवणाऱ्या सहकाऱ्याने. नवे ५६ च्या ५६ एपी मुख्यालयातच बसवायचे. तिथले स्विच एटी क्षमतेचे होतेच. ३० नवे एपी २६०० च्या जागी आणि उरलेले २६ नवे एपी ३७०० च्या जागी. असे मोकळे झालेले २६ एपी कारखान्यात न्यायचे आणि तिथल्या २६०० च्या जागी टांगायचे. ३७०० ला ८०२.३एएफ चालते, एक रेडिओ साखळी कमी होते, पण २६०० च्या तुलनेत काही गमावत नाही. मुख्य म्हणजे ३७०० जुन्या ८.५ वरही चालतो आणि नव्या १७.९ वरही. त्यामुळे कारखान्यातली शिडीची कामे कंट्रोलर बदलाच्या कित्येक आठवडे आधी, रोजच्या देखभालीत, दोन-चार करत उरकता येणार होती. कंट्रोलर बदलाच्या रात्री एकाही एपीला हात लावायचा नाही आणि काही बिघडले तर सगळे जसेच्या तसे जुन्या कंट्रोलरवर परत. खरेदीचा आकडाही तोच राहिला.

एक पथ्य मात्र पाळावे लागले. हे २६ एपी मुख्यालयातून काढायचे ते नव्या कंट्रोलरला भेटण्याआधीच. त्यांच्यावर ८.५ ची इमेज (एपीत चालणारे सॉफ्टवेअर) असताना ते थेट कारखान्यात गेले तर जुना कंट्रोलर त्यांना लगेच घेतो. नवी इमेज चढवून मग पाठवले तर त्यांना पुन्हा जुनी उतरवावी लागते, आणि त्यात काय घोळ आहे ते पुढे येईल.

जुन्या-नव्याचा पूल बांधायचा की नाही

आखणीच्या बैठकांत सर्वाधिक वाद झाला तो मोबिलिटी टनेलवर. एअरओएस आणि ९८०० यांच्यात वापरकर्त्याला न तोडता फिरता यावे यासाठी दोन्हींमध्ये टनेल जोडता येतो. पण ५५०८ वर त्यासाठी ८.५ ची खास आयआरसीएम इमेज (जुन्या-नव्या कंट्रोलरांत फिरण्याची सोय असलेली) लागते आणि २५०४ ला ९८०० शी हे जमतच नाही. म्हणजे पूल हवा असेल तर आधी जुने कंट्रोलर अपग्रेड करायचे, त्यासाठी ५५०८ वरचे ३२८ एपी एकदा रिबूट करायचे, आणि एवढे करूनही पाहुण्यांचा अँकर बाहेरच राहणार. शिवाय या पुलावरून होणारे प्रत्येक रोमिंग लेयर तीनचे असते. वापरकर्त्याचा सगळा डेटा त्याच्या मूळ कंट्रोलरकडून फिरून येतो.

आम्ही उलट प्रश्न विचारला: कुणाला, कुठून कुठे, चालू संभाषणात फिरायचे आहे? दोन ठिकाणांदरम्यान कुणी वायफायवर चालत जात नाही. मुख्यालयाच्या इमारतींमधल्या मोकळ्या जागेत एपी नव्हते. म्हणजे एक इमारत एका रात्रीत पूर्ण हलवली तर पुलाची गरजच उरत नाही. इमारत बदलताना फोनला नवा आयपी पत्ता मिळेल, एवढेच. पूल रद्द. पाहुण्यांसाठी डीएमझेडमध्ये नवा ९८००-सीएल हा आभासी कंट्रोलर अँकर म्हणून उभा केला. जुने कंट्रोलर जुन्या अँकरशी बोलतील आणि नवे नव्याशी. फायरवॉलवाल्यांना सांगावे लागले की जुन्या टनेलला आयपी प्रोटोकॉल ९७ लागत होता, नव्याला यूडीपी १६६६६ आणि १६६६७ हवेत. जुने नियम लगेच काढू नका, असेही सोबत बजावले.

जुन्या कंट्रोलरला न शिवण्याचा हा निर्णय मला या सगळ्या आखणीतला सगळ्यात फायद्याचा वाटतो. ज्याला दोन महिन्यांत निरोप द्यायचा आहे त्याच्यावर शस्त्रक्रिया कशाला?

पूल नसण्याची एक झळ बसू शकत होती. जुने आणि नवे कंट्रोलर एकमेकांना ओळखत नसतील तर एकाचे एपी दुसऱ्याला परके, ‘रोग’ दिसतात. जुन्या कंट्रोलरवर ‘आपलेच एसएसआयडी (वायफायचे नाव) वापरणारा परका एपी’ दिसला तर त्याला आपोआप दाबून टाकण्याचा नियम चालू असेल, तर जुनी इमारत नव्या इमारतीचे वायफाय पाडायला बसते. मुख्यालयात तो नियम चालू होता. पहिल्या रात्रीच्या यादीत पहिली ओळ हीच: तो नियम बंद करा.

लिंकचा वेग आणि लिंकचा उशीर

कोठाराची लिंक १० एमबीपीएस, जाण्यायेण्याची लेटन्सी ८० मिलिसेकंद. २८०० ची इमेज ६० मेगाबाइट धरली तर ४० एपींना मिळून २४०० मेगाबाइट. १० एमबीपीएसवर सरळ भागाकार केला की ३२ मिनिटे येतात. पहिल्या मसुद्यात हेच गृहीत होते. सुरक्षिततेसाठी दुप्पट वेळ धरून एक तासाची विंडो (कामासाठी राखलेला बंद काळ) मागितली होती.

पण कॅपवॅपमधून, म्हणजे एपी आणि कंट्रोलर एकमेकांशी ज्या प्रोटोकॉलने बोलतात त्यातून, इमेज अशी वाहत येत नाही. २००९ च्या आरएफसी ५४१५ या मानकानुसार इमेजचा डेटा नियंत्रण-संदेशांतून येतो, एका संदेशात जास्तीत जास्त १०२४ बाइट, आणि पहिल्याची पोच मिळाल्याशिवाय पुढचा निघत नाही. ६० मेगाबाइट म्हणजे सुमारे ६१,४०० संदेश. प्रत्येकाला ८० मिलिसेकंद. झाले ८२ मिनिटे, आणि तेही एकही पाकीट हरवले नाही तर. परदेशी कार्यालयाची लेटन्सी २२० मिलिसेकंद. तिथे हाच हिशेब पावणेचार तासांवर जातो. गंमत अशी की या वेळात कोठारातल्या एका एपीला फक्त १०० केबीपीएसच्या आसपास वेग मिळतो. ४० एपी एकदम उतरवत असले तरी लिंक निम्मीही भरत नाही. ‘दोन दिवसांसाठी ५० एमबीपीएस घेऊया’ अशी सूचना एका बैठकीत आली होती. घेतली असती तर एक मिनिटही वाचले नसते.

नव्या आवृत्त्यांत या उतरवण्याच्या पद्धतीत सुधारणा झाल्या आहेत. पण स्थलांतराच्या वेळी इमेज मागणारा एपी जुने सॉफ्टवेअर चालवत असतो, त्यामुळे जुन्याच हिशेबाने आखणी केलेली बरी. शिवाय, लांबच्या लिंकवरून कॅपवॅपने उतरवलेली इमेज खराब उतरून एपी रिबूटच्या चक्रात अडकू शकतो, अशी सूचना सिस्कोने स्वतःच काढलेली आहे. समुद्रापलीकडच्या कार्यालयात छतावरचे १८ एपी चक्रात अडकले तर त्यांना कन्सोल केबल लावायला कोण जाणार, हा प्रश्न बैठकीत विचारल्यावर थोडी शांतता पसरली.

नेहमीच्या अपग्रेडमध्ये यावर उपाय असतो. कंट्रोलर नवी इमेज एपींना दिवसाढवळ्या आधीच पाठवतो, एपी ती राखीव विभागात ठेवतात आणि रात्री फक्त रिबूट होतात. फ्लेक्सकनेक्टमध्ये प्रत्येक मॉडेलचा एकच एपी लांबून इमेज आणतो आणि बाकीच्यांना जागीच वाटतो. पण ही दोन्ही साधने कंट्रोलर एकच असताना चालतात. एअरओएस काही आपल्या एपींना ९८०० ची इमेज वाटत बसणार नाही.

म्हणून इमेज ठिकाणीच नेऊन ठेवली. कोठारात आणि परदेशी कार्यालयात जे स्थानिक सर्व्हर होते त्यांच्यावर टीएफटीपी ही फाइल देणारी सेवा चालू केली, १७.९ मधली २८०० ची इमेज तिथे ठेवली, ती बिनचूक आली का हे पाहायला तिचा हॅश जुळवला, आणि प्रत्येक एपीवर एसएसएचने जाऊन ‘उतरव, पण रिबूट करू नकोस’ अशा अर्थाची आज्ञा दिली. आपल्याच लॅनवरून एका एपीला काही मिनिटे लागतात आणि वापरकर्त्यांना याचा पत्ताही लागत नाही. चाळीस एपींवर हाताने आज्ञा देणे कंटाळवाणे असते, त्याला एक छोटी स्क्रिप्ट पुरते. त्यानंतर एपी नव्या कंट्रोलरकडे गेला की त्याला दिसते, हवी ती आवृत्ती आपल्याच राखीव विभागात आहे. विभाग बदलतो, रिबूट होतो, कामाला लागतो. पावणेचार तासांचे काम काही मिनिटांवर आले.

याचा दुसरा फायदा परतीसाठी झाला. विभाग बदलल्यावर जुनी ८.५ ची इमेज आपोआप राखीव जागेत जाते. मागे फिरायची वेळ आली तर तेही तितकेच झटपट. अट एकच: ठिकाण स्थिर झाल्याचे जाहीर होईपर्यंत त्या एपींवर दुसरी कुठलीही इमेज चढवायची नाही, नाहीतर राखीव जागेतली जुनी इमेज पुसली जाते. ‘आता आलोच आहोत तर ताजा पॅचही टाकून घेऊ’ हा मोह आवरावा लागतो.

दोन तारखांचा पेच

२७०० आणि ३७०० ही जुन्या आयओएस जातीची मंडळी. त्यांच्यासाठी एक तारीख महत्त्वाची आहे: ४ डिसेंबर २०२२. त्या दिवशी या एपींच्या इमेजच्या सहीमागचे एक प्रमाणपत्र संपले. तेव्हापासून जुनी इमेज चालवणारा आयओएस एपी नवी इमेज घ्यायला गेला की ‘डाउनलोडिंग’ अवस्थेतच अडकून राहू शकतो. सिस्कोने सुचवलेला तात्पुरता उपाय म्हणजे कंट्रोलरचे एनटीपी (घड्याळ आपोआप जुळवणारी सेवा) बंद करून घड्याळ त्या तारखेच्या मागे न्यायचे. एपी आपली वेळ कंट्रोलरकडून घेतो, त्यामुळे त्यालाही ते प्रमाणपत्र वैध दिसते.

आमच्याकडे असे १७६ एपी: कारखान्यातले ११०, मुख्यालयात उरलेले ४४, प्रशिक्षण केंद्रातले २२. मुख्य कंट्रोलरचेच घड्याळ मागे न्यावे तर त्याच कंट्रोलरवरच्या नव्याकोऱ्या ९१२० ची प्रमाणपत्रे ‘अजून लागू न झालेली’ ठरण्याचा धोका, आणि लॉगच्या नोंदींचा खिचडा वेगळाच. म्हणून आणखी एक ९८००-सीएल उभा केला, निव्वळ मधला थांबा म्हणून. त्याच्यावर एकही एसएसआयडी नाही, घड्याळ २०२२ च्या नोव्हेंबरात, आवृत्ती मुख्य कंट्रोलरवर आहे तीच. आयओएस एपी आधी इथे येतो, नवी इमेज घेतो, रिबूट होतो, मग मुख्य कंट्रोलरकडे जातो. दोघांची आवृत्ती एकच असल्याने तिथे पुन्हा काही उतरवावे लागत नाही. आभासी कंट्रोलरला स्वतःचे प्रमाणपत्र तयार करून द्यावे लागते. ते घड्याळ मागे नेल्यावरच करायचे, आधी केले तर तेही भविष्यातले ठरते.

पेच इथे संपत नाही. या एपींमध्ये उत्पादनाच्या वेळीच बसवलेले प्रमाणपत्र दहा वर्षांचे असते. २७०० मालिका बाजारात आली २०१४ मध्ये. म्हणजे मधल्या थांब्यावर, २०२२ च्या घड्याळात, जो एपी बिनबोभाट जोडला जातो तोच पुढे आजच्या तारखेच्या मुख्य कंट्रोलरवर ‘प्रमाणपत्र संपले’ म्हणून नाकारला जाऊ शकतो. मधला थांबा यशस्वी झाला म्हणून आनंदात असताना एपी पुढच्या दारावर अडकायचा. मुख्य कंट्रोलरवर मुदत संपलेली एपी-प्रमाणपत्रे स्वीकारण्याची सोय आधीच करून ठेवली, आणि प्रशिक्षण केंद्रातल्या सर्वात जुन्या अनुक्रमांकाच्या एका एपीवर हा पूर्ण प्रवास आधी करून पाहिला.

टॅग, नावे आणि ऑप्शन ४३

९८०० मध्ये प्रत्येक एपीला तीन टॅग (कोणत्या सेटिंग लागू होतील ते सांगणाऱ्या खुणा) लागतात: पॉलिसी, साइट आणि आरएफ. नाव न घेता आलेला एपी डिफॉल्ट टॅगमध्ये पडतो, आणि नंतर टॅग बदलला की एपी तुटून पुन्हा जोडला जातो. स्थलांतराच्या रात्री हा अधिकचा झटका नको होता. सुदैवाने एपी आपले नाव सोबत घेऊन येतो आणि या संस्थेत नावांची शिस्त होती: पहिली तीन अक्षरे ठिकाणाची, पुढची दोन इमारतीची. नावाच्या नमुन्यावरून टॅग देणारे नियम लिहून ठेवले की एपी आला की योग्य कप्प्यात. ज्यांच्याकडे एपींची नावे खरेदीच्या वेळी आली तशीच आहेत त्यांनी आधी महिनाभर नावे नीट करण्यात घालवावा. तो वेळ वाया जात नाही.

साइट टॅगला आणखी एक अर्थ आहे. ९८००-४० मध्ये एपी सांभाळणाऱ्या पाच प्रक्रिया असतात आणि एपींची वाटणी साइट टॅगनुसार होते. सगळे एकाच टॅगमध्ये घातले तर एक प्रक्रिया घाम गाळते आणि चार बसून राहतात. मुख्यालयाच्या प्रत्येक इमारतीला एक टॅग, बाहेरच्या प्रत्येक ठिकाणाला एक. फ्लेक्सच्या टॅगमध्ये १०० एपींची मर्यादा पाळायची असते. आमचे सर्वात मोठे फ्लेक्स ठिकाण ४० एपींचे, तिथे अडचण नव्हती.

एपीला प्रत्यक्ष हलवायचे ते जुन्या कंट्रोलरवरून, त्याच्या प्राथमिक आणि दुय्यम कंट्रोलरची नावे व पत्ते बदलून. नावातले लहान-मोठे अक्षरही तंतोतंत जुळावे लागते. डीएचसीपीचा ऑप्शन ४३ (एपीला आयपी पत्त्यासोबत कंट्रोलरचा पत्ता सांगणारी नोंद) मुद्दाम शेवटी बदलायचा ठरवला, कारण तो बदलला की त्या ठिकाणी रिबूट होणारा, कुठेही नाव न नोंदलेला एपी आपसूक नव्या दाराशी जातो. याचा प्रत्यय कोठारात आला. दोन एपी हलवूनही नव्या कंट्रोलरवर दिसेनात. ते जुन्यावरच शांतपणे कामाला होते. शोधल्यावर कळले की ते मध्यंतरी सुट्या साठ्यातून बदललेले एपी होते, त्यांची नावे मॅक (हार्डवेअरच्या) पत्त्यावरून पडलेली, त्यामुळे स्क्रिप्टच्या यादीत ते नव्हतेच आणि ऑप्शन ४३ च्या आधारावर जगत होते.

रेडियसवर (वापरकर्त्यांची ओळख तपासणाऱ्या सर्व्हरवर) नव्या कंट्रोलरचे पत्ते नोंदवणे, कॅपवॅपचे यूडीपी ५२४६ आणि ५२४७ प्रत्येक ठिकाणाहून नव्या पत्त्यांपर्यंत उघडे करणे, परवान्यांची नोंद, ही कामे आधीच्या आठवड्यात संपवली. यांच्याबद्दल विशेष सांगण्यासारखे काही नाही, फक्त ती कागदावर न ठेवता एकेका ठिकाणाहून तपासून घेतली.

क्रम आणि घड्याळे

व्यवस्थापनाला मुख्यालयापासून सुरुवात हवी होती, माणसे तिथे आहेत म्हणून. आम्ही प्रशिक्षण केंद्र पुढे आणले. ते लहान आहे, सत्र नसताना रिकामे असते, आणि तिथे फ्लेक्सकनेक्ट व आयओएस एपी हे दोन्ही अवघड प्रकार एकत्र आहेत. मुख्यालयात सगळे सुरळीत झाले असते तरी लांबच्या ठिकाणांबद्दल त्यातून काहीच कळले नसते. त्यानंतर कोठार, मग मुख्यालयाच्या तीन इमारती तीन रात्री, मग परदेशी कार्यालय, आणि सर्वात शेवटी कारखाना.

कोठाराने महिनाअखेरचे दिवस वगळायला सांगितले. कारखाना तीन पाळ्यांत चालतो, तिथे ‘रात्र’ असा मोकळा वेळच नसतो. साप्ताहिक देखभालीच्या बंदमध्येच शिरावे लागले. परदेशी कार्यालयाची रात्र म्हणजे मुख्यालयाची भर दुपार. त्या वेळी मुख्यालयाच्या कंट्रोलरवर दुसरे काहीही करायचे नाही, असा लेखी नियम केला.

परदेशी कार्यालयाचा नियामक विभाग वेगळा. त्याचा देश-संकेत नव्या कंट्रोलरवर आधी घातला नाही तर एपी जोडला गेलेला दिसतो, पण रेडिओ बंद राहतात, आणि लांबून बघणाऱ्याला सगळे हिरवे वाटते. डीएफएस (रडारसोबत वाटून वापरायच्या) चॅनेलवरच्या एपीला रिबूटनंतर रडार नसल्याची खात्री करायला ६० सेकंद थांबावे लागते. युरोपीय नियमांत ५६०० ते ५६५० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात ही वाट १० मिनिटांची आहे. ‘पाच गिगाहर्ट्झ आले नाही’ असा फोन पहिल्याच मिनिटाला येऊ नये म्हणून स्थानिक माणसाला हे आधीच सांगून ठेवले.

प्रत्येक ठिकाणासाठी परतीची अंतिम वेळ घड्याळाच्या काट्यावर लिहिलेली होती: विंडो संपण्याच्या आधी, मागे फिरायला लागणारा पूर्ण वेळ वजा करून. त्या वेळेला ठरलेली उपकरणे चालत नसतील तर चर्चा नाही, परत. तपासणीच्या यादीत लॅपटॉप शेवटी होते. आधी हातातले स्कॅनर, लेबल छापणारे प्रिंटर, वायफायचे फोन. सुरक्षेची पद्धत, डेटा रेट, ८०२.११आर (जलद रोमिंगची सोय), सगळे जुन्यासारखेच ठेवायचे ठरले. डब्ल्यूपीए३ ही नवी सुरक्षा पद्धत याच सपाट्यात करून घ्यावे, असा आग्रह सुरक्षा विभागाने धरला होता. तो पुढे ढकलला. कारखान्यात सकाळी एखादा स्कॅनर जोडला गेला नाही तर कारण कंट्रोलर की नवी सुरक्षा, हे शोधत बसायची कुणाची तयारी नव्हती.

कारखान्यात शेवटच्या खेपेला मधला थांबा तिथल्याच सर्व्हरवर हलवला. सगळे ११० एपी एकदम न सोडता शेडनुसार सोडले. तिथे एका शेडमधले जुने स्कॅनर जोडले जाईनात. नव्या कंट्रोलरवर २.४ गिगाहर्ट्झचे खालचे रेट बंद राहिले होते, ते चालू केल्यावर आले. परतीच्या वेळेला अजून बराच अवकाश होता.

जुने दोन्ही ५५०८ त्यानंतर एक पूर्ण महिनाअखेर आणि एक पूर्ण देखभाल-चक्र होईपर्यंत विजेवर ठेवले, रिकामे. मग ऑप्शन ४३ बदलला, मधला थांबा पुसला, डीएमझेडमधला जुना अँकर आणि त्याचे फायरवॉल नियम काढले. १७६ आयओएस एपी अजून छतावर आहेत आणि तोवर कंट्रोलरची पुढची आवृत्ती निवडताना आधी त्यांचा आधार तपासावा लागणार आहे. कारखान्याच्या स्विचबदलाचा प्रस्ताव पुढच्या अंदाजपत्रकात गेला आहे. तो मंजूर झाला की एपींचा नंबर लागेल.